थैलीतला लाल वायसर

नळाच्या तोट्या बनवणाऱ्या एका कारखान्याच्या फाटकाशी एक स्टूल होतं, स्टुलावर एक माणूस बसलेला असे आणि माणसाच्या मांडीवर जाड ताडपत्रीची एक थैली असे. पाळी सुटल्याचा भोंगा झाला की सगळा कारखाना त्या स्टुलासमोरून ओळीनं जायचा. जो तो थैलीत हात घालायचा आणि एक वायसर बाहेर काढायचा. वायसर म्हणजे तोटीच्या आत बसते ती रबराची चकती. थैलीत एकोणीस काळे आणि एक लाल. काळा हाती आला की माणूस घरी. लाल आला की पडद्यामागं झडतीला.

स्टुलावरच्या माणसाला सगळे तराजूकाका म्हणत. आईबापांनी ठेवलेलं नाव पगारापुरतं उरलं होतं.

तराजूकाका काही जन्मापासून फाटकावर नव्हता. तरणाताठा होता तेव्हा तो पॉलिशच्या चाकावर असे. राखट, ओबडधोबड पितळ त्याच्या हाताखालून गेलं की त्यात तोंड दिसायचं. मग एके दुपारी चाकानं त्याच्या उजव्या हाताची तीन बोटं खाल्ली. शेंग मोडावी तितक्या सहज मोडली. मालकानं बोटांच्या बदल्यात स्टूल दिलं, आणि त्यानं ते घेतलं.

त्याच्या आधी फाटकावर जो होता तो स्वतःच्या मर्जीनं झडती घ्यायचा. ज्या पुरुषाची जीभ आवडत नसे त्याची, आणि ज्या बाईचं रूप आवडे तिची. बायका रडकुंडीला आल्या होत्या. त्याला हाकलल्यावर नवा माणूस काय करतो याकडे सगळ्यांचे डोळे लागले, आणि नव्या माणसानं थैली आणली. ही त्याची स्वतःची कल्पना. कुणाला पकडायचं हे माणसानं ठरवायचंच नाही, थैलीनं ठरवायचं. पहिल्या दिवशी त्यानं थैली उंच धरून सगळ्यांना सांगितलं होतं, "हिला डोळे नाहीत. हिला आठवण नाही. हिला कुणी नात्याचं नाही."

हे बोलणं लोकांना इतकं आवडलं की ते त्याच्या अंगाला चिकटलं, आणि नावही तेव्हाच पडलं. पोटी मूल नसलेल्या त्या माणसानं थैलीला पोटच्या पोरीसारखं जपलं. शिवण उसवली तर डाव्या हातानं स्वतः शिवायचा.

सुरुवातीला ओळीत मात्र भलत्याच समजुती होत्या. एकाला लाल आला की त्याच्या मागच्या जागेसाठी ढकलाढकल व्हायची. लाल नुकताच येऊन गेला, आता इतक्यात येत नाही, असा हिशेब. दांडगे लोक ती जागा बळकवायचे आणि अशक्त पुढं लोटले जायचे. तराजूकाका निघालेला वायसर दरवेळी परत थैलीत टाकून खडखड हलवायचा, म्हणजे पुढच्या माणसाला पुन्हा वीसात एकच. पुढं उभे राहा, मागं उभे राहा, फरक शून्य. त्यानं ते समजावूनही पाहिलं होतं.

"अरे बाबांनो, आत्ता लाल आला हे थैलीला ठाऊकच नाही. तिला आठवण कुठं आहे?"

"तुम्हाला आहे ना, काका," ओळीतून कुणीतरी म्हणायचं, "तेवढी बास." आणि ढकलाढकल सुरूच.

मग तो समजावेनासा झाला. खरं सांगायचं तर त्याला ती मजा बघायला आवडू लागलं होतं.

स्टुलामागच्या भिंतीवर त्यानं खिळे ठोकले होते. कारखान्यातल्या प्रत्येकाचा एक खिळा, खात्याखात्यानं एकेक आडवी रांग. झडतीत पितळ सापडलं, मग तो साधा स्क्रू का असेना, की त्या माणसाच्या खिळ्यात एक लाल वायसर अडकवायचा. सगळं उघड्यावर, सगळ्यांच्या डोळ्यांदेखत. ज्याचा खिळा सगळ्यात जड होई त्याला मालक वर्षाअखेरी काढून टाकी. भिंतीवर फक्त सापडलेलं लटकत असे. कुणाची झडती किती वेळा झाली, हे तिथं कुठंच नव्हतं, आणि कुणी विचारलंही नाही.

काढल्या गेलेल्यांत ॲसिडच्या टाकीवरचा एक म्हातारा होता. जाताना तो स्टुलापुढं थांबला आणि म्हणाला, "तराजू, तुझ्या थैलीला मीच बरा सापडतो रे. महिन्याला एकदा तरी."

"थैली सरळ आहे," तराजूकाका म्हणाला. "वाकडं काय ते तुझ्या खिशात होतं."

"खिशात एक आटे गेलेला नट होता."

"पितळेचाच ना?"

म्हातारा स्टुलाच्या पायाशी थुंकला आणि गेला. तराजूकाकानं पायानं माती सारली. त्याला वाईट वाटलं नाही. उलट त्या रात्री त्याला नेहमीपेक्षा चांगली झोप लागली. नातं न पाहणाऱ्याला असं थुंकणं सहन करावंच लागतं, असं त्याला वाटलं आणि ते वाटणं गोड होतं.

म्हाताऱ्याच्या जागी टाकीवर तराजूकाकानं आपली धाकटी बहीण लावली.

तिला लहानपणापासून चिमणी म्हणत. नवरा वारल्यावर ती भावाच्या दोन खोल्यांत राहायला आली होती. टाकीवरचं काम असं : तोट्या तारेच्या टोपलीत भरायच्या, ॲसिडमध्ये बुचकळायच्या, काळपट थर निघाला की उचलून पाण्यात, मग दुसऱ्या पाण्यात. रबरी मोजे मिळत, पण मोज्यांनी हात चालत नाही आणि टोपल्या तुंबतात, म्हणून बायका ते काढून ठेवत. वाफेनं घसा खवखवायचा, पण चिमणी कुरकुरली नाही. "माझा दादा आहे फाटकावर," ती इतर बायकांना सांगायची, आणि त्या हसायच्या.

"म्हणून तर तुला जरा जास्तच बघतो," एकजण म्हणाली.

ते खरं दिसत होतं. पहिल्या महिन्यापासूनच लाल यायला लागला, आणि येतच राहिला. पडद्यामागं झाडूवाली बाई झडती घ्यायची. अंबाडा सोडायला लावायची, चपला झटकायची, एप्रनच्या शिवणी चिमटीनं चाचपायची. टाकीवरून सुटलेल्या बाईच्या कपड्यांत पितळेचं काही ना काही अधूनमधून अडकलेलं असायचं, जसं पीठ मळणाऱ्याच्या नखांत पीठ. दोन वेळा काही नाही आणि तिसऱ्या वेळी खिशाच्या तळाशी एक स्क्रू. एक वायसर खिळ्यात. पुढं कधीतरी एक पितळी चकती. आणखी एक.

एकदा चहा गाळताना चिमणी म्हणाली, "दादा, तुझ्या भिंतीवर माझं सापडलेलं लटकतं. नाही सापडलेलं कुठं लटकतं?"

"नाही सापडलेल्याला काय लटकवणार?"

"तेच म्हणते. तुझा तो जोडणीतला लोण्या फिटर, त्याचा खिळा कोरा. कोरा असणारच. त्याला पडद्यामागं गेलेलं कुणी बघितलंय का? ज्याचा खिसा कधी उलटा केला नाही, त्यात काय आहे हे भिंतीला कसं कळणार?"

"त्याला लाल येत नाही त्याला मी काय करू? सगळ्यांना वीसात एक. काय येतं ते येतं."

तिनं चुलीवरून उतरवलेलं पातेलं नुसत्या हातांनी धरलं होतं. "अगं, फडकं घे," तो म्हणाला. "हात आहेत का सांडशी?"

"चटका कुठं बसतोय?" ती म्हणाली आणि हसली. तोही हसला.

त्या वर्षी कारखान्यात नवा मॅनेजर आला. वयानं लहान, बोलायला गोड आणि आकड्यांत तयार. गोदामातून अख्ख्या तोट्या नाहीशा होत होत्या, एखाददुसरी नव्हे, पेट्याच्या पेट्या. तो दोन दिवस खिळ्यांच्या भिंतीसमोर खुर्ची टाकून बसला आणि मोजत राहिला. मग निरोप आला : उद्या दुपारी तराजूकाकांनी ऑफिसात यावं.

तराजूकाकाला अभिमान वाटला. कुणीतरी शिकलेला माणूस अखेर आपली भिंत वाचतो आहे. त्या संध्याकाळी ओळ त्याच्यासमोरून जात असताना जोडणी खात्यातला लोण्या आला. बोलणं आणि बोटं दोन्ही मऊ, म्हणून लोण्या. हात घातला, घातल्याबरोबर काळा काढला.

"तुझा खिळा गंजला की रे," तराजूकाका म्हणाला. "इतकी वर्षं कोरा. नशीब काढलंस."

लोण्याच्या मागचे दोघं फिटर खुसखुसले. लोण्या खाली वाकला आणि लहान मुलाला सांगावं तसं म्हणाला, "काका, एक विचारू? या थैलीत तुम्ही स्वतः कधी हात घातलाय?"

"मी कशाला घालू? माझी कोण झडती घेतंय?"

"घाला एकदा. चांगला हात घाला, हं. तो दुसरा नको."

आता मागची सगळी ओळ हसत होती. टाकीवरच्या बायका तेवढ्या हसत नव्हत्या, कारण कशाला हसायचं ते त्यांना माहीत नव्हतं.

फाटक रिकामं झाल्यावर तराजूकाकानं डावा हात थैलीत घातला. पहिल्याच चाचपणीत बोट एका चकतीवर अडखळलं. बाकीच्या कडक, कोरड्या, कडेला धारदार. ही एक मऊ, किंचित जाड, चिकट. बाहेर काढली. लाल. परत टाकली, थैली हलवली, डोळे मिटले, पुन्हा हात घातला. पुन्हा लाल. आंधळ्यानंही ओळखला असता.

लाल वायसर त्यानंच आणला होता. थंड पाण्याच्या तोटीत काळा बसतो, गरम पाण्याच्या तोटीत लाल, आणि गरम पाण्याचं रबर वेगळं असतं. जोडणी खात्यातली माणसं दिवसभर हेच दोन वायसर न बघता हातानं निवडतात. तराजूकाका पॉलिशवाला, त्याला हे ठाऊक असायचं कारण नव्हतं. जोडणीवाल्यांनी लेथवाल्यांना सांगितलं, लेथवाल्यांनी पॅकिंगवाल्यांना. लाल बोटाला लागला की सोडायचा आणि दुसरा उचलायचा, एवढंच. सगळ्या कारखान्याला ठाऊक होतं. आणि जिथं कुणी सांगितलं असतं तरी उपयोग नव्हता अशी एकच जागा होती, ॲसिडची टाकी. तिथल्या माणसांच्या बोटांची टोकं जळून काचेसारखी झाली होती. त्यांच्यासाठी थैलीत वीस सारखेच वायसर होते. साऱ्या कारखान्यात थैली सरळ होती ती फक्त त्यांच्यापुरती.

म्हणून झडती त्यांचीच. झडती त्यांचीच म्हणून सापडायचं त्यांच्याकडेच. आणि सापडायचं म्हणून भिंत त्यांचीच भरलेली.

तो मागं वळला आणि भिंतीकडं पाहिलं. इतकी वर्षं ती त्याच्या पाठीशी होती. टाकीची रांग पिकल्या मिरच्यांच्या माळांसारखी लालेलाल लोंबत होती आणि बाकीच्या रांगांत तुरळक ठिपके. पाहायला डोळे लागत नव्हते, नुसतं वळावं लागत होतं.

दुसऱ्या दिवशी ऑफिसात मॅनेजरनं त्याला खुर्ची दिली. खुर्चीत बसायची त्याची ती पहिलीच वेळ. समोर एका कागदावर उभे पट्टे काढलेले होते, प्रत्येक खात्याचा एक. एक पट्टा ताडासारखा, बाकीचे गवतासारखे.

"काका, थोडंफार वरखाली होणारच," मॅनेजर म्हणाला. "नाणं दहादा उडवलं तर पाच-पाच पडत नाही. एखाद्या खात्यात दोन जास्त, एखाद्यात दोन कमी, त्याला मी योगायोग म्हणेन. पण हे बघा. हा योगायोग नाही. याला कारण आहे."

"हो, साहेब."

"कारणं दोनच. थैली सरळ असेल तर सगळ्या खात्यांच्या झडत्या सारख्याच होतात. मग ज्या खात्यात जास्त सापडतं, तिथं चोर जास्त. सोपं आहे. पण थैली सरळ नसेल, काही लोकांनाच जास्त पकडत असेल, तर या कागदाला काडीचीही किंमत नाही. मला भिंतीवरून ते कळणार नाही. ते तुम्हालाच माहीत." त्यानं कागद उलटा ठेवला. "सगळ्यात जड खिळा तुमच्या बहिणीचा आहे, हे मला सांगितलंय लोकांनी. नुसतं काढून भागणार नाही, चोर म्हणूनच काढावं लागेल. फाटकावर पाटी लागेल. म्हणून मी विचारतोय. दुसऱ्या कुणाला विचारलं असतं तर तो बहिणीसाठी म्हणाला असता की थैली वाकडी आहे. तुम्ही म्हणणार नाही. सगळे सांगतात, तराजू आहे हा माणूस."

खिडकीबाहेर टाकीची वाफ वर चढत होती. तराजूकाकाच्या खिशात तो लाल वायसर होता. बाहेर काढून टेबलावर ठेवला असता, शेजारी एक काळा ठेवला असता, आणि साहेब, डोळे मिटून हात लावा, एवढं म्हटलं असतं तरी काम झालं असतं. तो मनात तिथपर्यंत पोचलाही. मग त्याला लोण्याचं हसणं ऐकू आलं. जिची शिवण आपण जपली त्या थैलीला सारा कारखाना वर्षानुवर्षं हसत होता, हे आता ऑफिसालाही कळणार. टाकीवरचा म्हातारा आठवला, त्याच्या आधी काढलेले दोघं आठवले. आणि सगळ्यात पुढं हे, की आज खरं बोललो तरी ते बहिणीसाठी बोललेलं खोटं वाटणार.

"थैली सरळ आहे, साहेब," तो म्हणाला.

मॅनेजर उठला आणि त्यानं तराजूकाकाचा हात हातात घेतला. तो मोडका हातच पुढं आला होता.

पाटी लागली. चिमणीला दिवसाउजेडी, पाळी सुटताना, भरल्या ओळीसमोरून काढलं. तिनं थैलीत घालायला हात पुढं केला, सवयीनं, तेव्हा तराजूकाकानं थैली मागं घेतली. आता थैलीची गरज नव्हती. तिनं भावाकडं पाहिलं. त्यानं ओळीकडं पाहिलं.

"पुढचा," तो म्हणाला.

लोण्या पुढं झाला. काळा काढला, आणि तो थैलीत परत टाकताना हलक्या आवाजात म्हणाला, "मानलं, काका." त्या महिन्यातही गोदामातून दोन पेट्या गेल्या.

लाल वायसर बदलावा असं तराजूकाकाच्या मनात आलं होतं. पण बदलला असता तर लोण्यालाही लाल आला असता, लेथवाल्यांना आला असता, कोऱ्या खिळ्यांवर माळा चढल्या असत्या, आणि मॅनेजरनं नवा कागद काढून विचारलं असतं की आधी असं का नव्हतं. म्हणून तोच लाल तिथंच राहिला. टाकीवर चिमणीच्या जागी एक नवी बाई आली. बोटं जिवंत होती, फिटरांपैकी कुणीतरी दया येऊन तिला लालची खूण सांगितली होती, आणि बरेच महिने तिला काळाच येत गेला. ती वायसर काढत असताना तराजूकाका आता तिच्या हाताकडं बघायचा. टोकं गुळगुळीत व्हायला लागली होती. थोडेच दिवस राहिले, हे त्याला तिच्या आधी कळत होतं.

चिमणी घरीच असे. चोर म्हणून पाटी लागलेल्या बाईला कुणी काम देईना, म्हणून तिनं शेजारणींचे कपडे दुरुस्त करायला मागून आणले होते. सुईत दोरा तिला ओवता येत नसे, तो तराजूकाका ओवून द्यायचा. एका रविवारी ती दारातल्या उजेडात बसली होती आणि तो समोर खाटेवर.

"दादा, एक विचारू? खरं सांगशील?"

"विचार."

"थैली सरळ होती ना?"

"सरळ होती," तो म्हणाला.

तिनं मान हलवली. बराच वेळ हा हिशेब ती एकटीच करत बसली असावी, आणि आता तो जुळला होता. "मग माझंच काहीतरी वाकडं असणार," ती म्हणाली. "तो स्क्रू, ती चकती. मला वाटायचं, अडकून आल्या. पण इतक्या वेळा कसं अडकेल? मीच उचलत असेन. न कळत उचलत असेन. तू म्हणतोस ते बरोबर आहे, वाईट वाटून घेऊ नकोस."

"तसं काही नाही गं."

"तसंच आहे. माझ्यामुळं तुझी मान खाली गेली."

बोलता बोलता तिच्या हातातून सुई निसटली. ती वाकून फरशीवर चाचपू लागली. सुई तिच्या गुडघ्याशीच पडली होती, उन्हात लखलखत होती. तिची बोटं एकदा सुईवरून गेली आणि पुढं सरकली. परत आली, पुन्हा तिच्यावरून गेली. खाटेवरून त्याला सगळं स्पष्ट दिसत होतं.

तो बघत बसला.